मुलीला हात-पाय-तोंडाचे फोड आलेत, ही गुरांची लाळ-खुरकत नव्हे ना? आणि पंचमीला माहेरी जावं का?

खानापूरची_सून
नमस्कार मंडळी. कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. मुलगी अडीच वर्षांची आहे. सोमवारी संध्याकाळी अंग तापलं. मंगळवारी दिवसभर कुरकुर. बुधवारी सकाळी दुधाचा पेला तोंडाला लावला तर पहिल्याच घोटाला किंचाळून तिनं तो ढकलून दिला. तोंड उघडून बघितलं तर जिभेच्या कडेला आणि गालाच्या आतून फोड. दुपारपर्यंत तळहात, तळपाय आणि ढुंगणावर लाल पुळ्या. डॉक्टरांनी बघताच सांगितलं, एचएफएमडी, म्हणजे हात-पाय-तोंडाच्या फोडांचा आजार आहे, आठवड्यात उतरेल, पाणी भरपूर पाजा, बाकीच्या मुलांत सोडू नका.

पण मला दोन गोष्टींनी झोप नाही. अंगणवाडीतल्या आणखी तीन मुलांना हेच झालंय, म्हणून दारावर कन्नडमध्ये सूचना लावली आहे. माझी शाळा मराठी, कन्नड अडखळत वाचते. सासूबाईंना बोलता येतं, वाचता येत नाही. कुणीतरी मोठ्यानं वाचलं, 'कै, कालु, बायि रोग', म्हणजे हात, पाय, तोंड रोग. लोकांनी त्यातलं 'कालु-बायि' तेवढंच धरलं, कारण गुरांच्या लाळ-खुरकतीला इथले कन्नड बोलणारे तेच म्हणतात. आमच्या दावणीला दोन म्हशी आहेत आणि सहा घरी रतीब जातो. गुरुवारी त्यातल्या दोन घरांनी दूध बंद केलं. "म्हशीचं पोरीला लागलं," असं एकीनं सासूबाईंना तोंडावर सांगितलं. सासूबाई दोन दिवस नीट जेवलेल्या नाहीत.

दुसरं म्हणजे पंचमी बारा दिवसांवर आली. माहेर चंदगडला. भावाची दोन लहान मुलं आहेत, वहिनीला सातवा महिना आहे. जावं की नको?

अनगोळकर
ताई, पहिल्यांदा पाणी. लघवी होते का बघा. बाकी सगळं नंतर.

गोठा_आणि_दवाखाना
मी हुक्केरी भागात जनावरांच्या दवाखान्यात काम करतो, म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. सासूबाईंना वाचून दाखवा.

लाळ-खुरकत वेगळी आणि मुलांचा हा आजार वेगळा. लाळ-खुरकतीचा विषाणू गाई, म्हशी, शेळ्या, मेंढ्या, डुकरं अशा दुभंगलेल्या खुरांच्या जनावरांना धरतो. पोरांना होतो तो माणसांचा विषाणू, माणसाकडून माणसाला जातो. म्हशीकडून पोरीला आला नाही आणि पोरीकडून म्हशीला जाणार नाही. दोन्ही विषाणू एकाच मोठ्या कुळातले, तोंडात आणि पायाला फोड येतात हेही दोन्हीकडं सारखं. नाव त्यामुळंच सारखं पडलं.

तुमच्या म्हशींच्या तोंडाला फेस, लाळेच्या तारा, खुरांच्या बेचक्यात जखम, लंगडणं असलं काही आहे का? नसेल तर त्या ठणठणीत आहेत. वर्षातून दोनदा सरकारी लस टोचायला येतात, ती घेतली असेल तर कानातल्या बिल्ल्याचा नंबर त्यांच्या नोंदीत असतो. शेजारणीला ते दाखवा. आणि दूध तर कुणीही उकळूनच पितो.

खानापूरची_सून
दोघी चारा नीट खातात सर, लंगडत नाहीत. बिल्ले आहेत. सासूबाईंना आत्ताच वाचून दाखवलं. काही बोलल्या नाहीत, उठून गोठ्यात गेल्या.

मागावरचा_वडगाव
आमच्या गल्लीत गेल्या पावसाळ्यात घराआड एक पोरगं असं झालं होतं. आमच्या आईनं पहिल्यांदा बघून 'देवी आल्या' म्हणून कडुलिंबाचा डहाळा दाराला लावला, फोडणी बंद केली, आंघोळ बंद केली. फोडणीचं सोडा, तिखट-तेल बंद झालं ते पोराच्या तोंडाला बरंच झालं. पण आंघोळ आठ दिवस नाही म्हटल्यावर फोड खाजवून चिघळले. डॉक्टर म्हणाले कोमट पाण्यानं रोज अंग धुवा, टॉवेल त्याचा वेगळा ठेवा.

कांजिण्या नव्हेत हे कसं ओळखायचं तेवढं कुणी सांगा.

बालवैद्य_टिळकवाडी
मी बालरोगतज्ज्ञ आहे. इथं बसून कुणाच्या मुलाचं निदान करत नाही, सर्वसाधारण सांगते.

कांजिण्या बहुतेक पोटा-पाठीवर सुरू होतात, खूप खाजतात आणि एकाच वेळी लाल ठिपका, पाण्याचा फोड आणि खपली असे सगळे टप्पे अंगावर दिसतात. या आजारात फोड मुख्यतः तळहात, तळपाय, तोंड, ढुंगण, कधी गुडघे-कोपरांवर. गोवरात पुरळ चेहऱ्यावरून, कानामागून खाली उतरतं, सोबत डोळे लाल आणि जोराचा खोकला असतो. मात्र या आजाराच्या कॉक्सॅकी ए६ नावाच्या विषाणूत फोड मोठे आणि तोंडाभोवती, हातापायांवर सगळीकडं पसरलेले दिसतात, त्यामुळं अनुभवी आईसुद्धा फसते.

आजार मुख्यतः एन्टरोव्हायरस जातीच्या विषाणूंमुळं होतो: कॉक्सॅकी ए१६, ए६, ए१०, आणि एन्टरोव्हायरस ७१. अनेक आहेत म्हणूनच एकदा होऊन गेला तरी पुन्हा होऊ शकतो. संसर्गानंतर तीन ते सहा दिवसांनी ताप येतो, एक-दोन दिवसांत फोड, आणि सात ते दहा दिवसांत बहुतेक मुलं आपोआप बरी होतात. त्याला मारणारं औषध नाही. ताप आणि दुखण्यासाठी पॅरासिटामॉल द्यायचं, आणि पोटात पाणी जाईल एवढं बघायचं. ॲस्पिरिन मुलांना कधीच नाही.

निपाणीचा_बाप
औषध नाही कसं मॅडम? आमच्या मुलाला अँटिबायोटिकही दिलं होतं आणि एसायक्लोव्हिरही. पाचव्या दिवशी खेळायला लागला. मला तर गुण आला.

बालवैद्य_टिळकवाडी
दादा, पाचव्या दिवशी तो काहीही न देता खेळायला लागला असता. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, हा विषाणू आहे. एसायक्लोव्हिर कांजिण्या-नागिणीच्या कुळावर चालतं, या कुळावर नाही. फोड चिघळून पू झाला तर अँटिबायोटिकची गरज पडते, तेव्हा जरूर द्यावं. एरवी जुलाब होतात, आणि आधीच न खाणारं पोर आणखी सुकतं.

निपाणीचा_बाप
बरोबर आहे, जुलाब झाले होते. आम्ही ते आजाराचेच समजलो. पण मग दवाखान्यात लिहून का दिलं? मी बिडीच्या कारखान्याचा हिशोब लिहितो, महिन्याच्या पगारातले दीड हजार त्या एका चिठ्ठीत गेले.

अनगोळकर
कारण आपणच 'काहीतरी द्या' म्हणून बसून राहतो. मीही बसलो होतो.

उचगावची_आत्या
पॅरासिटामॉलवरून एक सांगते. माझ्या भाचीनं घाईत घोटाळा केला होता. घरात दोन बाटल्या होत्या, एक थेंबांची आणि एक सिरपची. थेंबांच्या बाटलीत १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम, आणि सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये १२०. तिनं सिरपचं माप थेंबांच्या औषधानं भरलं. चारपट! नशीब की तिच्या नवऱ्यानं पाजायच्या आधी बाटली वाचली. दोन्ही बाटल्या गुलाबी, एकाच कंपनीच्या. घरात एकच ठेवा.

बालवैद्य_टिळकवाडी
आत्या, हे फार महत्त्वाचं. डोस वयावर नाही, वजनावर: एका वेळी दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तास. सिरपही १२० आणि २५० अशी दोन ताकदींची मिळतात. चिठ्ठीवर किती मिलिलिटर ते लिहून घ्या आणि औषधासोबतच्या मापानंच द्या, चमच्यानं नाही.

येळ्ळूरची_आजी
माझी नातवंडं तीन, तिघांनाही एकापाठोपाठ झालं. पाजायचं काय ते मी सांगते. नाचणीची आंबील, गार झालेली, ताक घालून, पण ताक आंबट नको, गोडसर पाहिजे. मिरची, लसूण, जिरं काही नको. मीठ चिमूटभर. वाटीनं पाजू नका, वाटी ओठाला लागली की ओठावरचा फोड दुखतो. छोट्या चमच्यानं, दर पाच-दहा मिनिटांनी. पोर नाही म्हणेल. मग आपण गप्प बसायचं आणि पाच मिनिटांनी पुन्हा. रात्री झोपेतून उठवून दोन चमचे.

गार दहीभात मऊ करून, केळं कुस्करून, थंड दूध. आमच्या धाकट्यानं दोन दिवस फक्त गार दुधावर काढले. संत्रं, मोसंबी, लिंबू सरबत जवळ आणू नका, मी पहिल्या दिवशी लिंबू सरबत दिलं आणि त्या लेकराचं तोंड जे झालं ते अजून डोळ्यांसमोर आहे. मध लावायचं म्हणाल तर वर्षाच्या आतल्याला मध अजिबात नाही.

खानापूरची_सून
आजी, दर पाच मिनिटांनी चमचा ही युक्ती चालली! सकाळपासून दोन वाट्या आंबील गेली. ती फोडांना 'मुंग्या' म्हणते. "आई, मुंग्या चावल्या." मी म्हटलं मुंग्यांना गार आंबील आवडत नाही, पळून जातात. मग स्वतःच तोंड उघडलं.

शहापूर_मेडिकल
दुकानात बसतो म्हणून लिहितो. तोंडात लावायची बधिर करणारी जेल मागायला दिवसाला चार-पाच आया येतात. लहान मुलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका, जास्त गिळली गेली तर त्रास होतो. लोक एवढ्या पावसात भिजत येतात, नाही म्हणताना वाईट वाटतं, पण नाहीच म्हणतो.

दुसरं सॅनिटायझर. करोनापासून सगळ्यांची सवय झालीय. या विषाणूवर अल्कोहोलचं सॅनिटायझर नीट चालत नाही. साबण आणि वाहतं पाणी हवं.

अथणीचा_मामा
वरचं सगळं वाचलं. "आपोआप बरा होतो" हे नव्वद घरांत खरं असेल, पण मी त्यातल्या एका वेगळ्या घरातला आहे म्हणून लिहितो.

बहिणीचा मुलगा, पावणेदोन वर्षांचा. फोड अगदी थोडे, हातावर चार-पाच, तोंडात दोन. आम्ही निर्धास्त. तिसऱ्या दिवशी ताप उतरायच्या ऐवजी वाढला. झोपेत दचकायला लागला. दार आपटल्यावर दचकतात तसं, पण काही आवाज नसताना, मिनिटा-दोन मिनिटांनी हात-पाय झटकायचे. उठवून उभा केला तर दारू प्यालेल्यासारखा तोल जायचा. जवळच्या दवाखान्यात 'तापाचं दचकणं' म्हणून परत पाठवलं. बहिणीचं मन मानेना. रात्री साडेअकराला गाडी करून बेळगावला आणलं. पाऊस एवढा की रस्ता दिसेना. तिथं लगेच दाखल केलं, पाच दिवस ठेवलं. मेंदूपर्यंत त्रास पोचायला लागला होता म्हणाले. आज तो चार वर्षांचा आहे, दंगा घालतो, पण बहीण अजून रात्री उठून त्याचा हात धरून बघते.

फोड किती आहेत यावर जाऊ नका एवढंच सांगायचं आहे.

बालवैद्य_टिळकवाडी
मामा, तुमच्या बहिणीनं त्या पोराला वाचवलं. हे असं क्वचित होतं, बहुधा एन्टरोव्हायरस ७१ मध्ये, आणि तीन वर्षांखालच्यांत धोका जास्त. झोपेत पुन्हापुन्हा दचकणं, तोल जाणं, सारखी उलटी, पेंगुळलेलं राहणं, तीन दिवसांपलीकडं जोराचा ताप, धाप लागणं, हातपाय गार पडणं, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. आणि आठ तासांत लघवी नाही, रडताना अश्रू नाहीत, टाळू खोल गेली, तर तीही सलाईनची वेळ.

एन्टरोव्हायरस ७१ वर चीनमध्ये लस वापरतात, आपल्याकडं उपलब्ध नाही.

खानापूरची_सून
मामा, वाचून अंगावर काटा आला. आत्ताच जाऊन झोपलेल्या पोरीकडं अर्धा तास बघत बसले. दचकत नाही. ताप काल दुपारपासून नाही.

चिकोडीचा_मास्तर
हे तेच का, २०२२ साली 'टोमॅटो फ्लू' म्हणून टीव्हीवर दाखवत होते ते? केरळात सुरू झालं होतं. आमच्याकडं तेव्हा लोकांनी टोमॅटो खाणं सोडलं होतं. बाजारात शेतकऱ्यांनी ढीग तसेच टाकले.

बालवैद्य_टिळकवाडी
हो. मे २०२२ मध्ये कोल्लम जिल्ह्यात मुलं आजारी पडली, फोड लाल आणि मोठे म्हणून ते नाव. टोमॅटोचा काडीचाही संबंध नाही. पुढं तपासात कॉक्सॅकी ए६ आणि ए१६ सापडले, म्हणजे हाच आजार. भारतात त्याची पहिली नोंद केरळातच, २००३ साली कालिकतला. नवीन काही नाही, नाव तेवढं नवीन दिलं.

गोठा_आणि_दवाखाना
बघा, तिकडं नावानं टोमॅटोवाला बुडाला, इकडं नावानं दूधवाली.

कंग्राळीचा_वाघ
मूळ मुद्दा कुणी बोलतच नाही. सूचना मराठीत का नाही? खानापूर तालुक्यात घरोघर मराठी बोलतात. १५ टक्क्यांच्या वर ज्यांची भाषा आहे, त्यांच्यासाठी महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्यायच्या, हे भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणात कधीचं लिहून ठेवलंय. आजाराची सूचना महत्त्वाची नाही तर काय महत्त्वाचं?

अंगणवाडीची_अक्का
मी त्याच तालुक्यात अंगणवाडीत काम करते, ताईंच्या गावात नाही. दादा, तुमचं बरोबर आहे, पण बिचाऱ्या बाईवर राग काढू नका. वरून छापील मजकूर आला तो तिनं चिकटवला. माझ्या दारावर पण तोच आहे. काल हा धागा वाचला आणि आज मी त्याखाली खडूनं मराठीत लिहिलं. पण नाव काय लिहायचं तिथंच अडले. 'हात-पाय-तोंड रोग' लिहिलं की पुन्हा लोकांना गुरंच आठवणार.

चिकोडीचा_मास्तर
'रोग' काढा. 'मुलांच्या हातापायावरचे आणि तोंडातले फोड' लिहा. लांब झालं तरी चालेल.

येळ्ळूरची_आजी
आणि 'जनावरांपासून होत नाही' हे सगळ्यात वर.

अंगणवाडीची_अक्का
हे असं लिहिलंय, बघा: "लहान मुलांच्या हातापायावर व तोंडात फोड येण्याची साथ आहे. हा आजार गाई-म्हशींपासून किंवा दुधापासून होत नाही. मुलाला ताप किंवा फोड असतील तर फोड सुकेपर्यंत घरी ठेवावे. शी धुतल्यावर व जेवण भरवण्याआधी साबणाने हात धुवावेत. मूल पाणी पीत नसेल, झोपेत दचकत असेल, तर लगेच दवाखान्यात न्यावे." खाली तेच कन्नडमध्ये, पण आमच्या बोलीतल्या सोप्या कन्नडमध्ये. छापील कन्नड कन्नडवाल्या आज्यांना पण कळालं नव्हतं.

खेळणी धुण्याचं पण करतेय. ५ टक्क्यांचं हायपोक्लोराइट (जंतू मारायचं द्रावण) मिळालं, १ लिटर पाण्यात २० मिलिलिटर घालून प्लॅस्टिकची सगळी खेळणी पुसली, मग साध्या पाण्यानं धुतली.

मागावरचा_वडगाव
अक्का, 'घरी ठेवावे' हे लिहायला सोपं. आमच्यात नवरा-बायको दोघं मागावर. माग थांबला की मजुरी थांबली. आजी-आजोबा नसतील त्यांनी पोर कुठं ठेवायचं? लोक ताप उतरायचं औषध पाजून पोर पाठवतात, वाईट म्हणून नाही, दुसरा उपाय नाही म्हणून. आमच्या गल्लीत शेवटी आम्ही असं केलं, ज्यांच्या पोरांना होऊन गेलं होतं त्यांच्यातली एक बाई आजारी पोरं एका घरी सांभाळायची, बाकीच्यांनी तिला दिवसाचे थोडे थोडे पैसे दिले. आठ दिवस निभावलं.

बालवैद्य_टिळकवाडी
हे फार चांगलं केलंत. २०२२ च्या केंद्राच्या सूचनेत लक्षणं दिसल्यापासून पाच ते सात दिवस वेगळं ठेवायला सांगितलं होतं. ताप नसेल, लाळ गळत नसेल, फोड सुकले असतील तर पाठवायला हरकत नाही. शीमधून विषाणू पुढं कित्येक आठवडे पडत राहतो, तेवढे दिवस घरी कुणीच ठेवू शकत नाही. म्हणून हात धुणं फोड गेल्यावरही चालू ठेवायचं.

खानापूरच्या ताई, तुमच्या पंचमीचं राहिलं. बारा दिवसांनी मुलीचे फोड सुकलेले असतील. वहिनीला सातवा महिना असताना सहसा धोका नसतो, बहुतेकदा मोठ्यांना सौम्यच होतो. बाळंतपणाच्या अगदी तोंडावर संसर्ग झाला तर बाळाला होऊ शकतो. पण भावाची दोन लहान मुलं, एक झोका, एका ताटातले लाडू, पंचमीला मुलांना एकमेकांपासून कोण दूर ठेवणार? वहिनींनी त्यांच्या डॉक्टरांना विचारावं, आणि ठरवायचं तुम्ही.

बैलहोंगलची_लेक
माझ्या सासूनं असल्याच वेळी नवस फेडायला पोराला सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर न्यायचं ठरवलं होतं. मी सांगितलं, आई, देवी आठ दिवस थांबेल, तिथं हजार पोरं येतात त्यांच्या आयांचा विचार करूया. ऐकलं त्यांनी. महिन्यानं गेलो.

खानापूरची_सून
ठरलं. पंचमीला जात नाही. भावाला फोन केला, तो आधी रुसला, मग वहिनीनंच फोन घेतला आणि म्हणाली, "वन्स, तुम्ही विचार केला तेच पुष्कळ." झोका इथंच आंब्याला बांधणार आहोत.

खानापूरची_सून
गणपतीचे दिवस आहेत, पण या धाग्याची आठवण आली म्हणून आले. दोन गोष्टी.

मुलगी नवव्या दिवशी पूर्ण बरी झाली होती. पण परवा अंगठ्याचं आणि मधल्या बोटाचं नख मुळापासून सुटून आलं! मी घाबरून डॉक्टरांकडं पळाले. ते म्हणाले, या आजारानंतर महिना-दीड महिन्यानं असं होतं, नवीन नख खालून येतंय, दुखत नाही, काही लावू नका. खरंच खालून पातळ नख दिसतंय. कुणाच्या पोराचं असं झालं तर घाबरू नका म्हणून लिहिलं.

दुसरं, आमच्या अंगणवाडीवर पण खडूनं मराठी मजकूर लिहिला होता, अक्कांनी तिथल्या ताईंना पाठवला म्हणे. रतीब बंद केलेल्यांपैकी एक घर आठवड्यात परत आलं. दुसरीच्या नातवालाही मधे फोड आले. तिच्या घरी म्हैस नाही, गाय नाही, शेळीसुद्धा नाही. सासूबाई त्या दिवशी गार आंबील घेऊन स्वतः तिच्या घरी गेल्या आणि चमच्यानं कशी पाजायची ते दाखवून आल्या. काल संध्याकाळी तिचा लेक अर्ध्या लिटरची किटली घेऊन आमच्या दारात उभा होता.